जुनी शुक्रवारीतले घर आणि एक्केचाळीस चित्रे यांची व्यवस्था

मी, सुभद्रा वसंतराव महाडिक, वय चौसष्ट पूर्ण, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार जुनी शुक्रवारी, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. प्रकृती ठीक आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे, पण तेवढ्यासाठी कोणी मृत्युपत्र करत नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, कारण माझ्यापाशी देण्यासारखे काही आहे हे मला गेल्या जूनपर्यंत माहीत नव्हते. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असे म्हणण्याची रीत आहे. दडपण होते की नाही, आणि कोणाचे, ते पुढे वाचून ठरवावे.

कलम १. माझे पती वसंतराव १९५० साली विषमज्वराने वारले. आम्हाला मूल नाही. माझे सासरे रुपराव महाडिक यांनी १४ मार्च १९५१ रोजी एक कागद करून दिला, तो सोबत जोडला आहे. त्यातला कामाचा भाग असा: "आमची विधवा सून गं. भा. सुभद्रा हिने पोटगीच्या हक्कापोटी सदर घराच्या दक्षिणेकडील भागात हयातभर राहावे. तिने एकही रात्र सदर घराबाहेर काढू नये. काढल्यास तिचा हक्क त्याच दिवशी संपून तो भाग चि. चंपतराव याजकडे जाईल."

चंपतराव म्हणजे माझे धाकटे दीर. ते कोर्टात नकलनवीस होते, आता निवृत्त आहेत. उत्तरेकडच्या भागात ते आणि त्यांची पत्नी रुखमाबाई राहतात. मधे एक भिंत आहे.

कागद देताना मामंजी म्हणाले होते, "हा घराबाहेर कोणाले दाखवायचा नाही." ही अट कागदात नाही. ती मी त्यातल्या अटीपेक्षाही कसोशीने पाळली. मी नागपूर विद्यापीठाची १९३८ सालची बी.ए. आहे. तेवीस वर्षे मी मुलींना नकाशा नीट वाचायला शिकवले. माझा स्वतःचा कागद मात्र मी कोणाला वाचू दिला नाही.

कलम २. गेल्या जूनमध्ये गच्ची गळू लागली आणि दुरुस्तीच्या परवानगीसाठी मालकाची सही लागली. चंपतरावांची मुलगी गोपिका, वय चौतीस, बँकेत नोकरीला आहे. तिने मला न विचारता माझ्या ट्रंकेतून तो कागद काढला आणि वकील भैय्याजी खानझोडे यांना दाखवला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून त्यांच्याकडे नेले.

भैय्याजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, हे घर छप्पनच्या वारसा कायद्यानं तुमचं झालं. पोटगीच्या हक्कापोटी दिलं, असं तुमच्या सासऱ्यांनीच लिहून ठेवलंय. दिल्लीच्या कोर्टानंही आता तेच सांगितलंय. ही अट म्हणजे नुसती शाई आहे."

मी विचारले, "कधीपासून?"

"पंचवीस वर्षं झाली."

त्या पंचवीस वर्षांत मी एकही रात्र घराबाहेर काढली नाही. त्याआधीच्या पाच वर्षांतही नाही.

घरी येऊन मी चंपतरावांना अंगणात गाठले आणि विचारले, तुम्हाला हे माहीत होते का. ते म्हणाले, "होतं ना वहिनी. तुम्ही बी.ए., मी मॅट्रिक. मले वाटलं, तुमाले माहीतच असन. घरी राह्यता, त आपल्या मर्जीनं राह्यता." मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "अन् तुम्ही मले इचारलंच कवा?"

हे मी इथे नोंदवून ठेवते, कारण मी विचारले नव्हते हे खरे आहे. पण हेही नोंदवते, की १९६३ साली माझी आई वर्ध्याला आजारी होती तेव्हा मी अकरा दिवस रोज सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येत होते, आणि स्टेशनवर सायकल घेऊन मला न्यायला चंपतराव स्वतः येत असत. तो त्यांचा चांगुलपणा आहे असे मी तेव्हा समजले. अकराव्या दिवशी मी निघाल्यावर दोन तासांनी आई गेली.

कलम ३. चित्रांविषयी. एकूण एक्केचाळीस आहेत. ती कशावर काढली आहेत हे माहीत नसेल तर ती नीट ठेवता येणार नाहीत, म्हणून सांगते.

१९५६ साली राज्ये बदलली, नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले आणि सदर नावाच्या वस्तीतल्या आमच्या शाळेतले जुन्या प्रांताचे भिंतीवरचे नकाशे निरुपयोगी झाले. कापड चिकटवलेले, वरखाली लाकडी दांड्या असलेले चांगले नकाशे होते. मुख्याध्यापिका ते रद्दीत घालणार होत्या. मी मागून घेतले. पाठीमागच्या कापडाला खळ आणि सफेदा लावला की उत्तम फलक होतो. चित्रकारांचे रंग मुंबईहून मागवावे लागत. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचा डब्यातला रंग वापरला. तो वापरायला मला धोंडबा गजभिये यांनी शिकवले. शाळेसमोर त्यांचे पाट्या रंगवण्याचे दुकान होते. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बाई, हा रंग वाट पाहत नाही. सुकायच्या आधी ठरवा, मंग ब्रश उचला." कॉलेजात मला इतके उपयोगाचे कोणी काही सांगितले नव्हते. धोंडबांनी आमच्या गच्चीवर येणे चंपतरावांना चालले नसते, म्हणून मी त्यांच्या दुकानात जाऊन शिकले.

चित्रे शहराची आणि आसपासच्या मुलखाची आहेत: इमारती, तलाव, गिरण्या, टेकड्या. रंग माझे आहेत. सीताबर्डीचा किल्ला शेंदरी आहे आणि त्यावरचे आकाश कच्च्या कैरीसारखे. झीरो माइलचे घोडे निळे आहेत. कोराडीची धुराडी हळदीच्या रंगाची. "असं कुठं असतं का?" असे मला ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना मी सांगितले, की तुम्ही रोज जाता-येता म्हणून तुम्हाला ते राखाडी दिसते.

एक गोष्ट मात्र चित्रे पाहणाऱ्यांपैकी फक्त धोंडबांच्या लक्षात आली. नागपूरबाहेरच्या एकाही चित्रात लांब सावली नाही. खेडे असो की डोंगर, उजेड अकरा ते तीनचा. शेवटच्या मोटारीची वेळ साधायची तर तेवढाच वेळ हाताशी राहतो. नागपूरहून निघून दिवेलागणीच्या आत परतता येईल अशी जेवढी ठिकाणे आहेत, तेवढीच माझी चित्रे आहेत.

१९६८ साली मुंबईच्या एका कलामंडळाचे पत्र आले होते. चित्रे घेऊन चार दिवस यावे, राहण्याची सोय करू. मी उत्तर लिहिले, "सवड नाही." ते पत्र चित्रांच्या ट्रंकेत आहे. ते जाळावे.

कलम ४. पुढील चित्रे पुढील व्यक्तींना द्यावीत.

हायकोर्टाचा वांगी रंगाचा घुमट वकील भैय्याजी खानझोडे यांना. त्यांनी फी घेतली नाही. त्यांना तो रंग आवडणार नाही, तरी कचेरीत लावावा.

सदरच्या कौलारू छपरांची दोन्ही चित्रे, सर्व ब्रश, आणि घडीची शिडी धोंडबा गजभिये यांना. शिडी मुळात त्यांचीच आहे, मी १९६१ साली नेली होती.

चंपतरावांना गच्चीवरून दिसणारे त्यांच्याच भागाचे चित्र द्यावे. मिरचीसारखे लाल घर, काळी दारे. त्यांना ते नको असेल तर त्यांनी तसे लेखी द्यावे. नकलेच्या दोन प्रती कराव्यात, सवय आहे.

अंबाझरीच्या तलावाचे चित्र रुखमाबाईंना. याला कारण आहे. गेली तीस वर्षे रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून त्यांची हाक येते, "आल्या का जी जाऊबाई?" मी म्हणते, "आले." ही हाक चंपतरावांनी त्यांना नेमून दिली होती. मला या बाईचा अतोनात राग होता. मागच्या पावसाळ्यात मी त्यांना विचारले, तुम्ही अंबाझरीचा सांडवा वाहताना पाहिला आहे का. म्हणाल्या, "नाही जी. संध्याकाळी जातात ना समदे तिकडं. मले त तुमाले हाक माराले घरी असा लागे." हाक मारायची तर रोज त्या वेळी त्यांनाही घरात असावे लागले. एवढे साधे गणित मला तीस वर्षांत सुटले नाही.

कलम ५. उरलेली सर्व चित्रे गोपिका हिला देते. ती दांड्यांवर टांगून ठेवावीत. गुंडाळण्याची वेळ आली तर रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावीत, नाहीतर हा रंग तडकतो.

पहिल्या मसुद्यात हे कलम वेगळे होते. सर्व चित्रे याच घरात एकत्र ठेवावीत, एकही विकू नये, आणि गोपिकाने ती सांभाळण्यासाठी या घरात राहावे, असे मी लिहिले होते. गोपिकाने ते वाचले. तिची जबलपूरला बढतीवर बदली झाली आहे आणि ती जाऊ की नको करत होती.

ती म्हणाली, "म्हणजे मी इथंच बसू? तुह्यासारखी?"

मी म्हटले, "चित्रं कोण बघेल?"

"मोठीआई, आजोबांचा कागद तू पाठ करून बसली आहेस. तोच पुन्हा लिहून राहिली तू. फक्त अक्षर चांगलं आहे."

मी तिला खोलीबाहेर जायला सांगितले. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. "राहावे" आणि "एकही ... नये" हे शब्द दोन्हीकडे तेच होते. मी मसुदा फाडला. गोपिकाने चित्रे ठेवावीत, विकावीत, वाटावीत. एखाद्यावर पापड वाळत घातले तरी माझी हरकत नाही. पण घातलेच, तर उलट्या बाजूला, नकाशावर घालावेत.

कलम ६. घराचा दक्षिणेकडील भाग, गच्ची व जिन्यासह, मी गोपिका हिला पूर्ण मालकीने देते. यात विकण्याचा, भाड्याने देण्याचा, पाडण्याचा आणि कुलूप लावून निघून जाण्याचा हक्क आला. हे शेवटचे शब्द कायद्यात लागत नाहीत असे भैय्याजी म्हणाले. मला लागतात.

गोपिका माझ्या दिराची मुलगी आहे, तेव्हा घर शेवटी त्यांच्याच घरात गेले असे चंपतराव म्हणतील. म्हणोत. ते तिला माझ्याकडून मिळाले आहे.

कलम ७. रामटेकचे चित्र अपुरे आहे. ते कोणालाही देऊ नये, मी ते स्वतः नष्ट करीन. ते अपुरे का राहिले हे सांगणे भाग आहे.

भैय्याजींनी सांगितल्यावर चार महिने मी काही केले नाही. ऑक्टोबरमध्ये रामटेकला एका धर्मशाळेत खोली ठरवली. गडावरच्या देवळांवर मावळतीचा उजेड कसा पडतो ते मला पाहायचे होते. तीस वर्षांत रामटेकला मी एकवीस वेळा गेले आहे आणि ते मला ठाऊक नाही. या वेळी परतायचे नव्हते. कोणी अडवणारे नव्हते. कायदा माझ्या बाजूने होता. पिशवीत रात्रीचे लुगडे होते.

दुपारी टेकडीच्या पायथ्याशी फलक लावला, आकाशाचा पहिला हात दिला. चार वाजता मी ब्रश धुतले. कोणी सांगितले नाही. मी पाहिले तेव्हा हात रॉकेलच्या डब्यात होते. मग फलक काढला, पिशवी उचलली आणि पावणेपाचच्या मोटारीत बसले. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला खोलीची किल्ली परत दिली तेव्हा तो म्हणाला, "काहून जी, खोली पसंत नाही आली काय?" मी म्हटले, "आली."

दिवेलागणीला घरी पोहोचले. भिंतीपलीकडून हाक आली. मी "आले" म्हटले.

दुसऱ्या दिवशी धोंडबांना हे सांगितले. छप्पन साली ते आणि त्यांची बहीण दोघे नागपुरात बौद्ध धम्माच्या दीक्षेला मैदानावर होते. धोंडबांनी हातातले दवाखान्याच्या पाटीचे अक्षर पुरे केले. मग म्हणाले, "त्या साली आमी एका दिवसात सुटलो, बाई. अन् कोणी देल्लं नाही, आमी जाऊन घेतलं. तुमाले त कायदा सरकारनं घरपोच देल्ला होता. तुमी पाकीटच फोडलं नाही."

मी रागावून निघून आले. आठ दिवसांनी पुन्हा गेले.

कलम ८. भविष्य निर्वाह निधीची पोस्टात ठेवलेली रक्कम माझ्या शाळेला द्यावी. तिच्या व्याजातून नववीच्या मुलींची दरवर्षी भूगोलाची सहल काढावी. सहलीत किमान एक मुक्काम असावा. ही अट आहे हे मला कळते. ही एकच ठेवते. माझ्या नोकरीत तेवीस सहली निघाल्या आणि प्रत्येक वेळी मी मुलींना फाटकापर्यंत पोहोचवून परत फिरले. बाईंना गाडी लागते, असे त्या आपसात म्हणत. मी तो समज दूर केला नाही.

कलम ९. मी ज्या गावात मरेन त्याच गावात माझे दहन करावे. प्रेत घरी आणू नये.

कलम १०. साक्षीदारांबद्दल. गोपिकाला या कागदान्वये मिळणार असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही. शेजाऱ्यांना मी बोलावणार नाही. तीस वर्षे आळीतल्या प्रत्येक घराने ती संध्याकाळची हाक ऐकली, आणि कोणीही मला एकदासुद्धा विचारले नाही, काहून. तो प्रश्न फक्त एका बाईने विचारला. धोंडबांची बहीण तुळसाबाई मेश्राम, राहणार भिवापूर. मिरचीच्या हंगामात दरवर्षी मी तिच्या अंगणाकडेला बसून चित्र काढते, आणि दरवर्षी ती विचारते, "काहून वं मास्तरीणबाई, येता अन् साडेतीनच्या मोटारीनं पळता? घरी का लेकरू रडून राहिलं?" तेव्हा साक्षीदार ती आणि धोंडबा. तिला मिरची सोडून येता येत नाही, म्हणून कागद मी तिकडे नेणार आहे.

येथपर्यंत नागपूर येथे लिहिले.

कलम ११. हे कलम भिवापूर येथे, तुळसाबाईंच्या ओसरीवर लिहीत आहे.

काल सकाळी धोंडबांबरोबर आले. तुळसाबाई अंगणात मिरची पालथी करत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी हात पाठीमागे घेतले. "हात मिरचीचे हायेत. तुमच्या कागदाले झोंबन."

"धुऊन या."

"नाही. सही सकाळी करीन. आज नाही करत."

मी म्हटले, "माझी मोटार साडेतीनची आहे."

"ठाऊक हाये मले. धा-पंधरा साल झाले पाहून राहिली मी ते साडेतीन."

"तुळसाबाई, हे मृत्युपत्र आहे. चेष्टा नाही."

"मंग? मी का पळून चालली? मी त इथंच हाओ. तुमीच पळता." मग धोंडबांकडे वळून म्हणाल्या, "सांग गा बाईले. सही पाह्यजे असन त मुक्काम करा. नाही त न्या कागद वापस."

धोंडबा विडी पेटवण्यात गुंतले होते. त्यांनी वर पाहिले नाही.

आयुष्यात मला दुसऱ्यांदा कोणी राहण्याबद्दल अट घातली. मी हरकत घेतली. साक्षीदाराने अशी अट घालणे गैर आहे हे समजावून सांगितले. तुळसाबाई "हो का" म्हणाल्या आणि मिरची पालथी करत राहिल्या. सव्वातीनला मी पिशवी उचलून फाट्याकडे निघाले. रस्त्याच्या वळणापर्यंत गेले. मोटार आली, दोन बाया चढल्या, कंडक्टरने माझ्याकडे पाहून घंटीच्या दोरीला हात घातला आणि थांबला. पाय निघायला तयार होते, हे मी कबूल करते. पण सही नसलेला कागद घेऊन परत गेले असते तर घर पुन्हा मामंजींच्याच कागदावर राहिले असते. मी हात हलवून नाही म्हटले. मोटार गेली. मी परत आले तेव्हा तुळसाबाई मिरचीच पालथी करत होत्या. ओसरीवर माझ्यासाठी पोते अंथरलेले होते.

आता जे लिहिते ते व्यवस्थेचा भाग नाही, पण कागदावर राहावे. साडेपाचनंतर मिरची लाल राहत नाही. आधी ती विटेसारखी होते, मग करवंदासारखी. बाजूच्या भिंतीला तिचा लाल रंग चढतो आणि अंगण काळे पडते. बायांच्या सावल्या कुंपण ओलांडून पार शेतात जातात. मी फलक आणला नव्हता. माझी भिवापूरची पाच चित्रे चुकीची नाहीत, ती अर्धी आहेत. गोपिकाने ती विकली तर घेणाऱ्याला तसे सांगावे.

मला झोप लागली की नाही हे मृत्युपत्रात लिहिण्याचे कारण नाही.

दिनांक ११ फेब्रुवारी १९८२ ची रात्र मी सदर घराबाहेर काढली. हे मी चंपतराव रुपराव महाडिक यांच्या माहितीसाठी माझ्या सहीनिशी नमूद करते. त्यांना १९५१ च्या कागदाच्या आधारे जे काही करायचे असेल ते त्यांनी मी जिवंत आहे तोवर करावे. मी नागपुरात सोमवारी येईन.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनी माझ्या समोर केली.

सुभद्रा वसंतराव महाडिक

साक्षीदार:
१. धोंडबा गजभिये, पाट्या रंगवणे, सदर, नागपूर.
२. तुळसाबाई मेश्राम, भिवापूर. हात धुऊन सही केली.

ठिकाण: भिवापूर, जिल्हा नागपूर
दिनांक: १२ फेब्रुवारी १९८२, शुक्रवार, सकाळी सात वाजता